शिवणकाम करणाऱ्या स्त्रीचे भाकीत

१८९५ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. अल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने सांगितले, की घराण्यातील इतरांप्रमाणे आपणही कर्करोगानेच जाणार. तसेच झाले, गर्भाशयाच्या कर्करोगाने ती अकाली वारली. वॉर्थिन यांनी तिच्या कुळाची वंशावळ १९१३ साली प्रसिद्ध केली. परंतु वैद्यकशास्त्राने तिच्याकडे दीर्घकाळ फारसे लक्ष दिले नाही.

पुढे ओमाहा येथील येशूसंघाच्या क्रेटन विद्यापीठात डॉ. हेन्री लिंच यांनी हेच व्रत चालविले. घरोघरच्या आजारांची विचारपूस करून त्यांनी दाखविले, की आतड्याचा कर्करोग काही कुटुंबांत वारशाने उतरतो. १९९३ साली त्यामागील एमएसएच२ हे जनुक सापडले; त्या स्त्रीच्या वंशजांतही त्याच जनुकाचा दोष आढळला. असा दोष माता किंवा पित्याकडून प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी असते. तो शाप नव्हे. वेळीच व नियमितपणे दुर्बिणीने आतड्याची तपासणी केल्यास रोगापूर्वीच्या गाठी काढता येतात.

अंत्यविधीच्या वेळी आम्ही पुष्कळदा ‘पोटाच्या दुखण्याने गेले’ एवढेच ऐकतो. त्या मोघम शब्दांत पुढच्या पिढीला वाचविणारी माहिती दडलेली असू शकते. वडीलधाऱ्यांनो, कोण, कोणत्या वयात, कशाने गेले, हे मुलांना सांगा; आणि मुलांनी ते डॉक्टरांना सांगावे.