गाजरगवत आणि चेहऱ्याची खाज

चेहऱ्याची त्वचा कोरडी पडली, खाजू लागली की आपण प्रथम डबी शोधतो. कोणी खोबरेल तेल लावतो, कोणी व्हॅसलीन, तर कोणी औषधाच्या दुकानातून एखादे मलम आणतो. खाज कशामुळे आली, हा प्रश्न मात्र मागे राहतो. हा प्रश्न किती मोलाचा आहे, हे पुण्यात घडलेल्या एका घटनेवरून चांगले समजते.

साधारण १९६० नंतरच्या काळात पुणे परिसरात एका विशिष्ट त्वचाविकाराचे रुग्ण वाढू लागले. पापण्या सुजत, चेहरा लाल व खरखरीत होई, मान आणि कोपराच्या आतील घडी यांना असह्य खाज सुटे. जुन्या रुग्णांची कातडी जाड व काळपट होऊन तिला सुरकुत्या पडत. रुग्णांत उघड्यावर काम करणारे प्रौढ पुरुष अधिक होते. १९६८ साली डॉ. लोणकर व डॉ. जोग यांनी या साथीची माहिती त्वचारोगतज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय वार्तापत्रात प्रसिद्ध केली. साथ म्हटली, तरी ती जंतूंची नव्हती. तिचे मूळ एका तणात होते. ते तण म्हणजे गाजरगवत. त्याचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस.

तण आले कोठून?

गाजरगवत हे खरे तर गवत नव्हे. ते सूर्यफुलाच्या कुळातले आहे. पाने गाजराच्या पानांसारखी दिसतात म्हणून त्याला हे नाव पडले. काँग्रेस गवत हे त्याचे दुसरे नाव. त्याचे मूळ घर अमेरिका खंडातले. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेतील आर. शेषगिरी राव यांना ते पुण्यात आढळले आणि १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी भारतातली नवी वनस्पती म्हणून त्याची नोंद केली.

‘पीएल ४८०’च्या गव्हाबरोबर हे तण आले, असे आपण नेहमी ऐकतो. पण तारखा तपासून पाहू. त्या कायद्याखालचा भारताशी झालेला करार ऑगस्ट १९५६चा. रावांना वनस्पती दिसली ती १९५५ साली, म्हणजे करार होण्यापूर्वीच. अर्थात अमेरिकन धान्य १९५१च्या टंचाईतही आले होते; तेव्हा धान्यातून बी आले असणे अशक्य नाही. शिवाय रॉक्सबर्ग यांनी १८१४ साली छापलेल्या कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या यादीतही या वनस्पतीचे नाव आहे. तेव्हा ‘पीएल ४८०’ची गोष्ट जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. निश्चित आहे ते एवढेच, की १९५५ नंतर पुण्याहून हे तण झपाट्याने पसरले. एक झाड हजारो बारीक बिया तयार करते. उकरलेली जमीन, रस्त्याची कड, नवा भराव या त्याच्या आवडत्या जागा.

कारणाचा शोध

शेकडो वनस्पतींमधून नेमका दोषी कोण, हे ठरवायचे कसे? यासाठी उपयोगी पडणारी पद्धत जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योसेफ याडासोन यांनी १८९५ साली मांडली होती. संशयित पदार्थ रुग्णाच्या निरोगी त्वचेवर, बहुधा पाठीवर, पट्टीखाली लावून ठेवायचा आणि दोन दिवसांनी पाहायचे. त्या जागी लाली व पुरळ आले, तर त्या पदार्थाची ॲलर्जी आहे. हीच पॅच टेस्ट. लोणकर यांनी कॅनडातील मिचेल व लंडनचे कॅलनन यांच्यासह १९७४ साली गाजरगवताच्या त्वचादाहावर सविस्तर लेख लिहिला.

दुसरीकडे रसायनशास्त्रज्ञांचे काम चालू होते. या वनस्पतीत पार्थेनिन नावाचे कडू द्रव्य असते. १९७६ साली रॉड्रिग्ज, टॉवर्स, मिचेल आदींनी दाखवले, की अशी द्रव्ये झाडावरच्या सूक्ष्म केसांत साठलेली असतात. वाळलेल्या झाडाचे कण वाऱ्याने उडतात व उघड्या अंगावर बसतात. म्हणून झाडाला हात न लावताही चेहरा सुजतो.

पार्थेनिनचा रेणू त्वचेतल्या प्रथिनांशी जोडला जातो. शरीराची संरक्षणयंत्रणा या जोडीला परकी समजते व तिची ओळख लक्षात ठेवते. पुढच्या संपर्कात पांढऱ्या पेशी तेथे गोळा होतात आणि एकदोन दिवसांनी दाह सुरू होतो. पहिल्याच संपर्कात त्रास होत नाही आणि सर्वांनाच होत नाही, याचे कारण हेच.

एक निरीक्षण विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. केवळ उन्हामुळे येणारे पुरळ वरच्या पापण्या, हनुवटीखालची जागा व कानामागची जागा बहुधा सोडते, कारण तेथे सावली असते. हवेतले कण मात्र या जागाही सोडत नाहीत. रुग्णाच्या चेहऱ्यावरच्या ‘नकाशा’वरून कारणाचा अंदाज बांधता येतो, तो असा.

मग उपचार काय?

तेल किंवा व्हॅसलीन यांनी त्वचेतले पाणी उडून जाणे कमी होते आणि कोरडेपणा घटतो. मूळ ॲलर्जी मात्र जात नाही. १९५२ साली सुल्झबर्गर व विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून उपयुक्त ठरते असे दाखवले आणि स्टेरॉइड मलमांचे युग सुरू झाले. ती दाह लवकर उतरवतात. पण रुग्ण पुन्हा त्याच तणात गेला, की दुखणे परत येते. १९९८ साली भारतीय डॉक्टरांनी या विकारावर अझाथायोप्रिन या गोळ्यांचा उपयोग होतो असे प्रसिद्ध केले. मात्र त्या संरक्षणयंत्रणा दाबून ठेवतात, म्हणून वेळोवेळी रक्त तपासूनच द्याव्या लागतात.

स्टेरॉइडच्या तात्पुरत्या गुणानेच एक नवे दुखणे निर्माण केले. चिठ्ठीशिवाय घेतलेले तीव्र मलम महिनोन्‌महिने लावले तर चेहऱ्याची कातडी पातळ होते, तांबड्या रक्तवाहिन्या व मुरुमे दिसू लागतात आणि मलम थांबवताच आग होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील अनेक केंद्रांच्या पाहणीत, चेहऱ्याच्या तक्रारी असलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमे वापरत होते. त्यातले कित्येक तर ती गोरेपणाचे क्रीम म्हणून लावत!

शाळेसाठी चार गोष्टी

भिवंडीजवळच्या कशेळीसारख्या गावांत गोदामांसाठी भराव पडतात, मोकळे प्लॉट राहतात. अशा उकरलेल्या जमिनींवर हे तण वाढू शकते. आपल्या शाळेच्या आवारातही पाहा. पण श्रमदानाच्या तासाला मुलांना उघड्या हातांनी गाजरगवत उपटायला लावू नका. ज्या मुलाच्या अंगात ॲलर्जी नाही, त्यालाही वारंवार संपर्काने ती जडू शकते. काढायचेच तर मोठ्यांनी, हातमोजे घालून व नाकातोंडावर फडके बांधून, फुलोरा येण्यापूर्वी, जमीन ओली असताना मुळासकट काढावे. नंतर अंघोळ करून कपडे धुवावेत.

मेक्सिकोहून आणलेला झायगोग्रामा हा भुंगा १९८४ साली बंगळूर परिसरात सोडण्यात आला. तो या तणाची पाने खातो. पावसाळ्यात पाने कुरतडलेली दिसली तर त्याचा शोध घेणे हा वर्गासाठी चांगला उपक्रम आहे. मात्र दुरूनच, हात न लावता.

आणि एखाद्या विद्यार्थ्याचा किंवा पालकाचा चेहरा वरचेवर खाजत असेल, तर मलमाचे नाव सांगण्याआधी त्याला विचारा: त्रास कोणत्या ऋतूत वाढतो? गाव सोडून गेल्यावर कमी होतो का? पापण्यांवर आहे का? घरात शेवंती हाताळली जाते का? शेवंतीही याच कुळातली आहे आणि गाजरगवताची ॲलर्जी असलेल्यांना तिचाही त्रास होऊ शकतो. ही उत्तरे लिहून घेऊन त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. पुण्यातली साथ उलगडली ती याच प्रश्नांच्या वाटेने.