पाडवा नसलेले गडी

मराठीत ‘गडी’ हा शब्द दुहेरी अर्थाचा आहे. खेळात उतरतो तोही गडी आणि दुसऱ्याच्या शेतात राबतो तोही गडी. हे दोन अर्थ एका शब्दात कसे नांदतात याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. अमेरिकेतील धंदेवाईक बेसबॉलचा इतिहास वाचताना तो करणे भाग पडले. आपल्याकडे सालगड्याचा करार पाडव्यास संपतो, व अंगावर उचल नसेल तर तो दुसऱ्या वाड्याची वाट धरू शकतो. बेसबॉलच्या गड्यास १८७९ पासून १९७५ पर्यंत, म्हणजे तब्बल शहाण्णव वर्षे, असा पाडवाच नव्हता.

या बंधनाचा उगम मोठा बोधप्रद आहे. १८७६ साली ‘नॅशनल लीग’ ही संघांची मंडळी स्थापन झाली. मालक एकमेकांचे चांगले खेळाडू अधिक पगाराची लालूच दाखवून ओढून नेत; त्यामुळे पगार चढत आणि मालकांच्या हाती फारसे काही उरत नसे. तेव्हा १८७९ साली मालकांनी आपसात गुप्त ठराव केला की, प्रत्येक संघाने पाच खेळाडू ‘राखीव’ म्हणून नेमावे व त्यांस दुसऱ्या कोणीही हात लावू नये. नवल असे की, प्रथम राखीव होणे हा खेळाडूंस बहुमानच वाटे. कारण त्यात पुढील सालच्या नोकरीची हमी होती. परंतु पाचांचा आकडा वाढत वाढत जवळजवळ सर्व संघास व्यापून बसला आणि पुढे ती अट खुद्द करारपत्रातच शिरली. मालकाने खेळाडूस ठेवावे, विकावे अथवा अदलाबदलीत द्यावे. खेळाडूने मात्र तो देईल ते घ्यावे, नाहीतर खेळ सोडून घरी बसावे, असा एकंदर प्रकार झाला.

मालकांचे समर्थन सर्वस्वी पोकळ होते असे आम्ही म्हणत नाही. दोन दुकानदारांपैकी एकाचे दिवाळे निघाले तर दुसऱ्याचा फायदा होतो. पण प्रतिपक्ष बुडाल्यावर खेळणार कोणाशी? श्रीमंत शहराचा संघ सर्व गुणी माणसे विकत घेईल, निकाल आधीच ठरलेला दिसेल आणि प्रेक्षक पाठ फिरवतील, ही त्यांची भीती. पण राखीवपणाने ही भीती टळली काय? बेब रूथ हा अलौकिक खेळाडू बोस्टनच्या मालकाने न्यूयॉर्कच्या यांकीज संघास एक लाख डॉलरांस विकल्याचे १९२० च्या जानेवारीत जाहीर झाले. गुणी मनुष्य श्रीमंत संघाकडे गेलाच. फक्त त्याची किंमत मालकाच्या खिशात पडली. सायमन रॉटनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ साली हेच शास्त्रशुद्ध रीतीने मांडले: माणूस बांधलेला असो वा मोकळा, जेथे त्याचे मोल अधिक तेथे तो जाणारच, बंधनाने बदलते ते एवढेच की, त्या मोलाचा धनी कोण.

या व्यवस्थेस पहिले आव्हान जॉन मॉन्टगोमेरी वॉर्ड याने दिले. हा खेळता खेळता कायद्याची पदवी मिळविलेला गृहस्थ होता. त्याने १८८५ साली खेळाडूंचा संघ उभारला आणि १८९० साली तर निराळी ‘प्लेयर्स लीग’च काढली, परंतु तिचे भांडवलवाले जुन्या मालकांशी समेट करून मोकळे झाले व ती एका हंगामात आटोपली. पुढे १९२२ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी निर्णय दिला की, बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नव्हे. सबब मक्तेदारीविरोधी कायदा त्यास लागू नाही. संघ आगगाडीने राज्योराज्यी हिंडत होते, तिकिटे विकत होते, माणसेही विकत होते. तरी तो व्यापार नव्हे! मुष्टियुद्ध, फुटबॉल आणि नाटके यांस ही सवलत त्याच न्यायालयाने पुढे नाकारली. एकट्या बेसबॉलकडे ती राहिली.

आता कर्ट फ्लड याची हकीकत. सेंट लुईस संघात बारा हंगाम खेळलेला हा नामांकित क्षेत्ररक्षक १९६९ च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियास अदलाबदलीत दिला गेला. त्यास वर्षाला ९० हजार डॉलर मिळत होते. तरी त्या २४ डिसेंबरला त्याने बेसबॉलच्या आयुक्तास पत्र लिहून कळविले की, आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही. भरपूर पगार मिळाला म्हणून गुलाम गुलाम राहत नाही असे नाही, असे त्या कृष्णवर्णीय गृहस्थाने उघड सांगितले. खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख मार्व्हिन मिलर याने त्यास आधीच बजावले होते की, जिंकलास तरी तुझ्या पदरी काही पडणार नाही. त्यावर त्याने विचारले ते एवढेच, की इतरांचे तरी भले होईल ना? खटल्यात जॅकी रॉबिन्सनसारखे निवृत्त खेळाडू साक्षीस आले. पण खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयात फिरकला नाही. १९७२ साली पाच विरुद्ध तीन मतांनी तो हरला. बेसबॉलची सवलत विसंगत आहे हे न्यायाधीशांनी मान्य केले आणि ती दूर करण्याचे काम विधिमंडळावर सोपविले!

जे न्यायाच्या नावाने मिळाले नाही ते व्याकरणाच्या नावाने मिळाले. खेळाडूने सही न केल्यास मालकाने करार ‘एका वर्षासाठी’ पुढे चालवावा, असे करारात होते. वाढविलेल्या करारातही तेच कलम येते, सबब ते वर्ष कधी संपतच नाही, असा मालकांचा अर्थ. मिलरने १९७० च्या वाटाघाटीत तंटे त्रयस्थ लवादाकडे नेण्याचा हक्क मिळवून ठेवला होता. मेसरस्मिथ व मॅकनॅली हे दोघे गोलंदाज १९७५ च्या हंगामात सहीवाचून खेळले, आणि २३ डिसेंबरला लवाद पीटर साइट्झ यांनी निकाल दिला की, एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांनी साइट्झ यांस तत्काळ कामावरून दूर केले. निकाल मात्र कायम राहिला.

यापुढचा भाग अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावा. चार्ल्स फिनली या मालकाने सुचविले की, सर्वांनाच दरवर्षी मोकळे करा. मिलरला भीती वाटली ती याचीच! बाजारात एकदम शेकडो माणसे उभी राहिली म्हणजे भाव कोसळणार. सुदैवाने इतर मालकांस ही युक्ती समजली नाही. १९७६ साली ठरले की, सहा वर्षांच्या सेवेनंतर मुक्ती. त्यामुळे दरसाल थोडेच गडी बाजारात येऊ लागले आणि भाव भडकले. १९७६ साली सरासरी पगार सुमारे ५१ हजार डॉलर होता, तो १९८० साली १ लाख ४३ हजारांवर गेला. पूर्वी ज्या दलालांना मालक दारात उभे करीत नसत, त्यांचे राज्य सुरू झाले. त्यांपैकी स्कॉट बोरास याने २००० साली ॲलेक्स रॉड्रिग्ज यास टेक्सास संघाकडून दहा वर्षांचे २५ कोटी २० लाख डॉलर मिळवून दिले. मालकाने तो अवघा संघ दोन वर्षांपूर्वी २५ कोटींस घेतला होता. मध्यंतरी १९८५ पासून मालकांनी मुक्त खेळाडूंस बोलीच न लावण्याचा छुपा कट केला; तो उघडकीस येऊन १९९० साली त्यांस २८ कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली.

म्हणजे मिळाली ती मुक्ती मोजून मापून मिळाली, आणि मोजून दिली म्हणूनच तिला भाव आला. पहिली सहा वर्षे आजही राखीवच आहेत, व कित्येकांची कारकीर्द तेवढ्यातच आटोपते. खालच्या लीगांतील होतकरू पोरांस तर किमान वेतनाच्या कायद्यातून वगळण्याची तजवीज २०१८ साली झाली. त्यांची संघटना २०२२ साली उभी राहिली आणि पहिला करार २०२३ साली झाला.

कर्ट फ्लड १९९७ च्या जानेवारीत वारला. त्याच्या नावाचा कायदा विधिमंडळाने १९९८ साली केला आणि मोठ्या लीगांतील खेळाडूंच्या नोकरीपुरती ती जुनी सवलत काढून घेतली. १९७२ साली न्यायालयाने जे काम विधिमंडळाकडे धाडले होते, त्यातले एवढे होण्यास सव्वीस वर्षे लागली.