गेटपासून पोर्चपर्यंत खडी टाकायचीये? मग क्रशरवाल्याला 'कच' पण मागा

इन्स्टावर एक रील हमखास दिसते. फार्महाऊसचं गेट उघडतं, आत पांढरीशुभ्र खडी अंथरलेली असते आणि त्यावरून कर्रकर्र आवाज करत गाडी पोर्चमध्ये येते. खाली कमेंट असतात, 'भावा, किती खर्च आला?'

त्याच जागेची जुलै महिन्यातली रील मात्र कुणी टाकत नाही. कारण तोवर निम्मी खडी चिखलात गेलेली असते, थोडी लॉनमध्ये उडालेली असते आणि मधोमध चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात. मग पुन्हा एक डंपर मागवायचा. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीटपेक्षा खडी स्वस्त पडते हे खरं. पण कोणती खडी, हा प्रश्न सोडवला नाही तर ती दरवर्षीचा हप्ता होऊन बसते.

सगळ्यात जास्त होणारी चूक

आपल्याकडं बहुतेक महाराष्ट्रात खडी म्हणजे काळा दगड, म्हणजेच बेसाल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून दख्खनचं पठार तयार झालं, त्याचाच हा दगड. कणखर आहे, गाडीच्या वजनानं सहजासहजी भुगा होत नाही. म्हणजे दगडाच्या जातीची काळजी सोडा, प्रश्न मापाचा आहे.

क्रशरवर ४० मिमी, २० मिमी, १० किंवा १२ मिमी, ६ मिमीच्या आसपासची ग्रिट आणि सगळ्यात शेवटी कच, म्हणजे दगडाची बारीक भुकटी, असे प्रकार मिळतात. एक नंबर, दोन नंबर, पाऊण इंची ही नावं गावोगाव बदलतात, त्यामुळं फोनवर ऑर्डर देताना मिलिमीटरमध्येच बोला.

आता होतं काय, तर घर बांधताना स्लॅबची २० मिमी खडी उरलेली असते. तीच गेटपासून अंथरली जाते किंवा तसलीच अजून मागवली जाते. स्लॅबमध्ये ही खडी पक्की बसते, कारण तिच्यामधल्या फटी वाळू आणि सिमेंटनं भरलेल्या असतात. दारात अंथरल्यावर त्या फटी भरायला कुणीच नसतं. सगळे तुकडे एकाच मापाचे, मधे हवा. चाक आलं की दगड बाजूला सरकतो, इतकं साधं आहे.

नदीचे गोल गोटे किंवा नर्सरीत मिळणारे पेबल्स तर त्याहून वाईट. त्यांना कोपरेच नसतात, मग एकमेकांत अडकणार कसे? ते झाडाच्या आळ्यात शोभतात, चाकाखाली नाही.

दोनशे वर्षांपूर्वीचा उपाय

जॉन मॅकॅडम नावाचा एक स्कॉटिश माणूस होता. १८१६ साली तो इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचा सर्व्हेयर झाला. त्याचं म्हणणं असं की रस्त्याखाली भलेमोठे दगड रचायची गरज नाही. फोडलेला, कोपरेदार, लहान दगड टाका. वाहतुकीच्या वजनानं तो एकमेकांत घट्ट बसतो. आणि खालची जमीन कोरडी राहील असा उतार द्या, कारण कोरडी जमीन वजन पेलते, ओली पेलत नाही.

आपल्या गावात 'खडीकरण' झालं म्हणतात ना, ते याच विचारातून आलंय. त्यात मोठी खडी दाबून तिच्या फटींत बारीक माल आणि पाणी घालतात. हायवेच्या कामावर 'डब्ल्यूएमएम' असा शब्द ऐकला असेल, त्यात ५३ मिमीपासून अगदी पावडरीपर्यंत सगळी मापं पाण्यासोबत आधीच मिसळून आणतात. तत्त्व एकच: मोठ्या दगडाच्या फटीत लहान, लहानाच्या फटीत ग्रिट, आणि ग्रिटच्या फटीत कच.

इथं एक शंका रास्त आहे. रेल्वे रुळाखालची खडी तर मोठी आणि बिनभुकटीची असते, ती कशी टिकते? तर तिच्यावरून चाक फिरतच नाही. चाक रुळावर, रूळ स्लीपरवर आणि स्लीपर खडीवर. शिवाय तीही अधूनमधून दाबून नीट करावीच लागते.

मग मागवायचं काय?

तळाला ४० मिमी, २० मिमी आणि कच असा मिश्र थर, दाबून सहा इंच. जवळ रस्त्याचं काम चालू असेल आणि डब्ल्यूएमएम मिळत असेल तर उत्तमच. वर दोन ते तीन इंच १० किंवा १२ मिमी खडी, ग्रिट आणि भरपूर कच यांचा थर. इथं धुतलेली क्रश सँड घेऊ नका. काँक्रीटसाठी तिच्यातली भुकटी मुद्दाम काढून टाकलेली असते, आणि आपल्याला नेमकी तीच हवी आहे.

खडी हातात घेऊन बघा. चौकोनी, कोपरेदार तुकडे चांगले. चपटे, पापडासारखे तुकडे जास्त असतील तर ते चाकाखाली मोडतात.

कच म्हणून माती गळ्यात मारली जात नाहीये ना, हे तपासायला काचेची बाटली पुरते. मूठभर माल, वर पाणी, जोरात हलवा आणि ठेवून द्या. दगडाचा माल लवकर खाली बसतो. पाणी बराच वेळ गढूळ राहून वर चिकट गाळाचा जाड थर जमला, तर तो माल परत पाठवा. मुरमासाठीही हीच परीक्षा. कडक मुरूम आणि मातकट मुरूम यांत फार फरक असतो.

हिशोब सोपा आहे. ४० फूट लांब आणि १० फूट रुंद म्हणजे ४०० चौरस फूट. सहा इंचाचा थर म्हणजे २०० घनफूट, म्हणजेच २ ब्रास. दाबल्यावर माल बसतो, म्हणून अडीच ब्रास धरा. वरच्या तीन इंचासाठी १ ब्रास लागतो, सव्वा धरा. सुटी खडी ब्रासला साधारण सव्वाचार टन भरते, त्यामुळं काट्यावरची पावती बघून माल पूर्ण आला का ते कळतं. खडी आणि मुरूम गौण खनिजात येतात, त्यामुळं गाडीसोबत वाहतुकीचा पास आहे का तेही विचारा.

काळी माती असेल तर

सोलापूर, लातूर, परभणी, विदर्भाचा बराच भाग, इथल्या लोकांनी हा मुद्दा सोडू नये. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट खडी टाकली की पावसात माती वर येते आणि खडी खाली जाते. वरून कितीही गाड्या ओता, जमीन गिळत राहते.

म्हणून आधी वरची काळी माती जेसीबीनं काढा. तिथं कडक मुरूम टाकून रोलर फिरवा किंवा डबराचं सोलिंग करा, वर मुरूम भरा. माती आणि मुरूम यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड अंथरलं तर दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. मला विचाराल तर पैसे कमी असतील तेव्हा वरची शोभेची खडी रद्द करा, हा खालचा थर नको.

कोकणात गणित वेगळं. जांभ्याच्या जमिनीला असं फुगण्याचं दुखणं नाही, पण पाऊस इतका की उतार चुकला तर बारीक माल एका रात्रीत गटारात. दहा फूट रुंदीच्या वाटेला मधला भाग कडेपेक्षा दोन-अडीच इंच उंच ठेवा आणि बाजूनं चर काढा. हे खरं तर सगळीकडंच करायचं आहे, कोकणात टाळताच येत नाही इतकंच. गेटकडं चांगलाच चढ असेल तर तिथं खडी नकोच, चाकांपुरत्या काँक्रीटच्या दोन पट्ट्या टाका.

घरात दुचाकी असेल किंवा काठी घेऊन चालणारे आजी-आजोबा असतील, तर रीलमधली ती सुटी खडी विसरा. स्कूटर वळवताना पुढचं चाक घसरतं आणि काठी रुतते. कच घालून दाबलेल्या थरावर तो त्रास खूपच कमी होतो.

दाबताना माल ओलसर हवा. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे, पाणी गळता कामा नये. प्रत्येक थरावर वेगळा रोलर फिरवा, सगळा माल ओतून शेवटी एकदाच नाही. जमलं तर खालचा थर एप्रिल-मे मध्ये करून घ्या आणि एक पावसाळा त्यावरूनच गाडी चालवा. कुठं पाणी साचतं, कुठं खचतं ते दिसेल. ते खड्डे भरून दिवाळीनंतर वरचा थर टाका, आणि अर्धा ब्रास माल कोपऱ्यात राखून ठेवा, पुढच्या वर्षी डागडुजीला लागेल.