खाटेजवळचे प्रश्न

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एकीचं आठ महिन्यांचं लेकरू जुलाबांनी पार मलूल झालं. आम्ही दोघी तिच्यासोबत मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेलो. मुलांच्या वॉर्डात खाट मिळाली, सलाईन लागलं आणि मग प्रश्न सुरू झाले. पांढऱ्या कोटातलं एक पोरगं आलं. किती दिवस, दिवसातून किती वेळा, उलटी होते का, लघवी शेवटची कधी झाली? ते गेलं, दुसरं आलं, पुन्हा तेच. तिसरा आला तेव्हा सासूबाई करवादल्या, "आमचं लेकरू म्हणजे काय शाळेची पाटी आहे? येतो तो गिरवून जातो!"

खरं सांगायचं तर आम्हालाही त्यांचं पटलं होतं. सरकारी दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर गरिबाच्या अंगावर हात साफ करून घेतात, असं आपण गावात बोलतोच. घरी आल्यावर मात्र आम्ही थोडं वाचलं, ओळखीच्या सिस्टरला विचारलं. या प्रश्नांच्या मागे तीनशे वर्षांची गोष्ट आहे. ती आज सांगतो.

युरोपात पूर्वी डॉक्टरकी बरीचशी ग्रंथांतून शिकवत. शिकवणारा वाचणार, शिकणारे ऐकणार, आजारी माणूस राहिला बाजूलाच. हॉलंडमधल्या लायडन शहरात बोअरहावे नावाचे प्राध्यापक होते. १७१४ पासून ते विद्यार्थ्यांना घेऊन दवाखान्यातल्या बारा खाटांपाशी उभे राहू लागले. असं करणारे तेच पहिले नव्हेत, पण त्यांच्यामुळे ही रीत देशोदेशी गेली. त्या बारांपैकी सहा खाटा बायांच्या, सहा पुरुषांच्या. मुलांच्या नावाची एकही नाही.

मुलांसाठी वेगळं मोठं रुग्णालय पॅरिसमध्ये १८०२ साली निघालं. लंडनमध्ये डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी १८५२ मध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर एका घरात दहा खाटा टाकल्या. अमेरिकेत डॉ. अब्राहम जेकोबी १८६० मध्ये बालरोगांचे प्राध्यापक झाले. मूल म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस नव्हे, हे डॉक्टर लोकांना कळायला एवढी वर्षं लागली. कोणत्याही आजीला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं!

आपल्याकडे मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला लागून जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झालं. १८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली. भाऊ दाजी लाड त्यातलेच. पण मुलांचे आजार पुढे कितीतरी वर्षं मोठ्यांच्या आजारांच्या पोटातच शिकवले जात. परळला बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय १९२९ मध्ये उभं राहिलं, केईएम रुग्णालय आणि त्याच्या कॉलेजच्या जवळच. मुंबईच्याच डॉ. जॉर्ज कोएल्हो यांना भारतातल्या बालरोगशास्त्राचे जनक म्हणतात. तरीही डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेत बालरोग हा स्वतंत्र विषय व्हायला १९९७ चे नियम यावे लागले. म्हणजे आपल्यातल्या कितीजणींची लेकरं ज्यांनी तपासली, त्या डॉक्टरांना मुलांची वेगळी परीक्षाच नव्हती.

आता या गोष्टीतला आम्हाला सगळ्यात जास्त लागलेला भाग. एवढी मुलांची रुग्णालयं झाली, विद्यार्थी खाटेपाशी आले, पण आई कुठं होती? इंग्लंडमध्ये ती दाराबाहेर होती. आईनं जंतू आणले तर? ती गेल्यावर मूल रडेल, वॉर्डाची शिस्त मोडेल. १९४९ साली लंडनच्या रुग्णालयांच्या भेटीच्या वेळा कुणीतरी छापून काढल्या. एका मोठ्या रुग्णालयात फक्त रविवारी दुपारी दोन ते चार. दुसऱ्या एका ठिकाणी पहिला महिनाभर भेट बंद. संध्याकाळी सात ते आठ आईबापांनी यायचं आणि झोपलेलं मूल लांबून बघून जायचं. न्यूकॅसलचे डॉ. जेम्स स्पेन्स मात्र १९२० नंतरच्या काळापासूनच आयांना बाळाजवळ ठेवून त्यांच्याच हातून शुश्रूषा करवत होते. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी दवाखान्यात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीची फिल्म काढली. ती पाहून बरेच डॉक्टर चिडले म्हणे. शेवटी १९५९ मध्ये सरकारी समितीनं सांगितलं की आईला येऊ द्या, राहू द्या.

आपल्या वॉर्डात आई सहसा खाटेच्या कडेलाच असते, रात्री खाली चटई टाकून झोपते. याचं कौतुक करावं का, हा प्रश्नच आहे, कारण सिस्टर दोन आणि लेकरं चाळीस असली की आईच मोलकरीण, आईच सिस्टर. आई जवळ असते, पण तिचं ऐकून घ्यायला कुणी बसतंच असं नाही.

ऐकलं तर काय होतं, त्याची एक गोष्ट आफ्रिकेतली आहे. आज ज्याला घाना म्हणतात त्या देशात डॉ. सिसिली विल्यम्स काम करत होत्या. तिथं अंग सुजलेली, केस तांबूस झालेली, कातडी सोलवटलेली लेकरं यायची. या आजाराचं वर्णन त्यांनी १९३३ मध्ये लिहिलं, आणि १९३५ मध्ये तिथल्या बाया जे नाव घेत तेच छापलं: क्वाशिओरकोर. पाठचं भावंडं आलं की आधीच्या लेकराला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. अंगावरचं दूध तुटतं, नुसत्या पिठाच्या पेजेवर मूल राहतं, हे कारण त्या बायांच्या शब्दातच होतं. आज जगभरचे विद्यार्थी तो शब्द पाठ करतात.

आता पुन्हा आपल्या वॉर्डात येऊ. चौथी आली ती एक मुलगी, शेवटच्या वर्षाची. उभी न राहता स्टूल ओढून बसली. बाळ जन्मताच रडलं का, मान कधी धरली, लशी कुठल्या झाल्या, काल सकाळपासून पोटात काय काय गेलं? मोठ्या माणसाला हे कुणी विचारत नाही, मुलाच्या बाबतीत विचारावंच लागतं. मग म्हणाली, "ताई, घरी काय काय पाजलंत? मी रागावणार नाही." सासूबाई चहाला गेल्या होत्या. आमच्या मैत्रिणीनं हळूच सांगितलं, ओआरएसचं पाकीट दिलं. किती पाण्यात? एक पेलाभर.

दुकानात मिळणारं छोटं पाकीट पेलाभर पाण्याचं असतं. आशाताई देतात ते मोठं, लिटरभर पाण्याचं. तिनं मोठं पाकीट पेल्यात कालवलं होतं. रक्तात मीठ वाढल्याचं तपासणीत दिसलं होतं, ते का वाढलं हे मात्र कुणाला कळत नव्हतं. असं मीठ सलाईननं सावकाश, दोन-दोन दिवस घेऊन उतरवावं लागतं. घाई केली तर मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात.

आणि ती पाकिटं आमच्याच बैठकीत वाटली होती. आम्ही लिटरचं माप दाखवलं नव्हतं. सह्या घेतल्या, फोटो काढला, घरी गेलो.

विद्यार्थी स्वतःच्या मनानं औषध देत नाहीत. त्यांच्यावर निवासी डॉक्टर असतात, त्यांच्यावर युनिटचे प्रमुख. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी बोलायचं कसं हेही शिकवायचं ठरलं आहे. बाळ थकलं असेल तर "आता नको, नंतर या" म्हणायची मुभा आपल्याला आहे. नाव विचारा, कितव्या वर्षाला आहात विचारा. मात्र घरात काय पाजलं, कुठला अंगारा लावला, कुणाचं औषध घेतलं, हे लपवू नका. सासूबाई समोर असतील तर त्यांना चहाला पाठवा.

दुसऱ्या दिवशी राऊंडला मोठे डॉक्टर आले. ती मुलगी त्यांच्यासमोर उभी राहून सगळं इंग्रजीत सांगू लागली. आम्हाला 'पॅकेट' आणि 'ग्लास' एवढंच कळलं. डॉक्टरांनी विचारलं, केवढा ग्लास? ती अडखळली. तेव्हा आमची मैत्रीण खाटेवरूनच बोलली, "स्टीलचा पेला साहेब, ताकाचा असतो ना, तेवढा." डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला आणि ते लिहून घेतलं.