जॉन ग्लेन आणि तारापूरचे इंधन

ओहायोत राहणाऱ्या आम्हा मंडळींच्या घरात जॉन ग्लेन हे नाव बहुधा मुलांच्या शाळेच्या पुस्तकातून येते. न्यू कॉन्कर्ड या लहानशा गावात वाढलेले ग्लेन मरीन दलात वैमानिक झाले. दुसरे महायुद्ध आणि कोरियाचे युद्ध मिळून त्यांनी १४९ लढाऊ उड्डाणे केली. २० फेब्रुवारी १९६२ रोजी 'फ्रेंडशिप ७'मधून त्यांनी पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारल्या. पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले अमेरिकन. यानाचे उष्णतारोधक कवच सैल झाल्याचा इशारा त्या वेळी आला होता. सुदैवाने तो खोटा ठरला.

राजकारणात मात्र वाट सोपी नव्हती. १९६४ साली न्हाणीघरात पडून कानाला इजा झाल्याने त्यांनी सिनेटची उमेदवारी सोडली. १९७० साली पक्षांतर्गत निवडणुकीतच हरले. १९७४ साली जिंकले आणि पुढे चोवीस वर्षे सिनेटर राहिले.

याच काळात त्यांचा आपल्याशी संबंध आला. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेने पुरवलेल्या, आणि १९६३ च्या करारानुसार इंधनही तिनेच द्यायचे होते. १९७४ साली पोखरणचा स्फोट झाला. त्यानंतर १९७८ साली अण्वस्त्रप्रसाराविरुद्ध अमेरिकेत जो कडक कायदा झाला, त्याच्या प्रमुख शिल्पकारांत ग्लेन होते. १९८० साली अध्यक्ष कार्टर तारापूरला इंधन धाडायला निघाले, तेव्हा स्वपक्षाच्या अध्यक्षालाही ग्लेन यांनी विरोध केला. सिनेटमध्ये अवघ्या ४८ विरुद्ध ४६ मतांनी ते इंधन सुटले. मे १९९८ मधील अणुचाचण्यांनंतर भारतावर निर्बंध आले, तेही ग्लेन यांच्याच १९९४ च्या दुरुस्तीनुसार. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला, ७७ व्या वर्षी, ते 'डिस्कव्हरी'तून पुन्हा अवकाशात गेले.

दिलेला शब्द अमेरिकेने नंतरच्या कायद्याच्या आधारे फिरवावा, हे मला आजही पटत नाही. पण १९९८ साली तोच नियम पाकिस्तानलाही लागला, हेही विसरता येत नाही. ग्लेन यांचा रोख अण्वस्त्रांच्या प्रसारावर होता. भारताचे वैर त्यात मला दिसत नाही.

८ डिसेंबर २०१६ रोजी, ९५ व्या वर्षी ते गेले. आपली मुले त्यांच्यावर शाळेसाठी निबंध लिहितील, तेव्हा तीन फेऱ्यांबरोबर तारापूरची गोष्टही त्यांना जरूर सांगावी. ती त्यांच्या पुस्तकात बहुधा नसेल.