निम्मी दृष्टी गेली, हे कोणी मोजले?

एक डोळा गेला की निम्मी दृष्टी गेली, अंतराचा अंदाज संपला आणि उरलेल्या डोळ्यावर दुप्पट ताण आला, अशी पक्की समजूत आहे. पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. दोन डोळ्यांना वस्तू किंचित वेगवेगळी दिसते आणि त्या फरकातून मेंदू खोली ताडतो, हे चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्ये दाखवून दिले. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहावा; व्हीटस्टन लगेच पटतो.

पण हा फरक हाताच्या टप्प्यात ठसठशीत असतो आणि वस्तू लांब जाईल तसा झपाट्याने विरतो. समोरून येणारी बस किती दूर आहे हे दोन डोळे असलेला माणूसही मुख्यतः तिचा आकार, तिच्याआड काय झाकले गेले, सावली आणि अरुंद होत गेलेला रस्ता यांवरूनच ठरवतो. एसटीच्या खिडकीतून जवळच्या बाभळी मागे पळतात, लांबचा डोंगर सोबत चालतो. हे कळायला एक डोळा पुरतो. म्हणजे हानी आहे ती चहाच्या कपाशी, जिन्याच्या शेवटच्या पायरीशी. रस्त्यावरच्या अंतराशी तिचा संबंध फार थोडा.

इथे कोणीतरी क्रिकेटपटू पतौडींचे नाव काढतेच. मन्सूर अली खान पतौडींच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जुलै १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या होव्हच्या मोटार अपघातात गेली. त्याच डिसेंबरात ते कसोटी खेळले, मार्च १९६२ मध्ये एकविसाव्या वर्षी भारताचे कर्णधार झाले. ४६ कसोटींत २७९३ धावा, सहा शतके. यावरून ‘काहीच बिघडत नाही’ असे म्हणणारा पक्षही तितकाच कच्चा. याच पतौडींनी ‘टायगर्स टेल’ या आत्मचरित्रात लिहिले आहे की सुरुवातीला सिगारेट पेटवताना काडी चुकायची, जगमधले पाणी ग्लासाऐवजी टेबलावर पडायचे. बावीस यार्डांवरून सुटलेला चेंडू जमला आणि हातातला जग जमेना, हा विरोधाभास नव्हे. येणारा चेंडू नजरेत किती वेगाने मोठा होतो, हे एका डोळ्यालाही कळते. स्थिर ग्लास मोठा होत नाही. उपायही तसाच साधा: किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवून मग ओतायचे, उतरताना पायरी पायाने चाचपायची.

खरी आणि कायमची उणीव वेगळीच आहे, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. गेलेल्या डोळ्याच्या बाजूला नजरेची कड सुमारे तीस-चाळीस अंशांनी आत सरकते. ही कड सरावाने परत येत नाही. मानेनेच भरून काढावी लागते. पंगतीत त्या बाजूने वाढपी आला की कोपर लागून आमटी सांडते, ओळखीचा माणूस शेजारून जातो आणि ‘हल्ली बघतही नाही’ म्हणून रुसतो. म्हणून डावा डोळा गेलेल्याने पंगतीत डाव्या टोकाला बसावे आणि सोबत्याला उजवीकडून चालायला सांगावे. रस्ता ओलांडताना नुसते बुबुळ फिरवून भागत नाही, हनुवटी खांद्यापर्यंत न्यावी लागते.

‘निम्मी’ हा हिशेबही चुकीचाच. उरलेला डोळा निरोगी असेल तर तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते. सरकारी प्रमाणपत्राच्या निकषांतही अशा व्यक्तीचे अपंगत्व ३० टक्के धरतात. सवलतींसाठी ४० लागतात, त्यामुळे लोकांच्या लेखी अधू आणि कागदावर धडधाकट अशी तिची कोंडी होते, ते सोडा.

राहिला ताण. वाचल्याने डोळा झिजत नाही, मग तो एकटा असो वा जोडीतला. धोका इजेचा आहे, कारण मागे राखीव डोळा नाही. म्हणून नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटचा चष्मा हवा. वेल्डिंग-ग्राइंडिंगपाशी, फटाक्यांपाशी तर अधिकच. पण ‘डोळ्याला जप’ म्हणत हातातले पुस्तक काढून घेणारे नातेवाईक त्याच माणसाला चष्म्याशिवाय, उघड्या हेल्मेटने स्कूटरवर खुशाल जाऊ देतात.