रॉकेलवर उडणारं चीनचं छोटं रॉकेट : ‘लाँग मार्च ६’ नेमकं काय आहे?

एप्रिल २०२२. विदर्भात रात्रीच्या आकाशातून जळते गोळे सरकताना अनेकांनी पाहिले, मोबाईलवर शूट केले. थोड्याच वेळात बातमी आली की चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात धातूची एक भलीमोठी रिंग येऊन पडली आहे. ती चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटची असावी, असं अभ्यासकांचं म्हणणं होतं.

‘लाँग मार्च’ हे नाव आपल्याकडे तेव्हापासून बऱ्याच जणांच्या लक्षात आहे. पण ते एका रॉकेटचं नाव नाही, अख्ख्या खानदानाचं आडनाव आहे. त्यातलं एक धाकटं भावंड म्हणजे ‘लाँग मार्च ६’.

हे रॉकेट करतं काय?

छोटे आणि मध्यम उपग्रह वर नेतं. उंची साधारण २९ मीटर, इंधन भरल्यावर वजन सुमारे १०३ टन, तीन टप्पे. जमिनीपासून ७०० किमीवरच्या सूर्यसमकालिक कक्षेत ते साधारण १ टन वजन पोहोचवतं. या कक्षेतला उपग्रह कुठल्याही जागेवरून जवळपास त्याच स्थानिक वेळेला जातो, त्यामुळे फोटोंची तुलना करणं सोपं जातं. आपल्या रॉकेटांशी ताडून पाहायचं तर एसएसएलव्हीपेक्षा दणकट, पीएसएलव्हीपेक्षा कमी ताकदीचं.

त्याची जुळणी आडवी होते. मग चाकांच्या गाडीवरून ते लाँचपॅडपर्यंत नेतात आणि तिथे उभं करतात. तयारी आठवडाभरात उरकावी, हा हिशोब.

पहिलं उड्डाण २० सप्टेंबर २०१५ ला, शान्शी प्रांतातल्या तैयुआन केंद्रावरून. एका फेरीत २० उपग्रह! चीनसाठी तेव्हा हा विक्रम होता. त्यात विद्यापीठांनी बनवलेले उपग्रह होते, हॅम रेडिओवाल्यांसाठीचेही होते. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये अर्जेंटिनाच्या सॅटेलॉजिक कंपनीचे १० उपग्रह याच रॉकेटने नेले.

खरी गोष्ट इंजिनाची

२० उपग्रहांची हेडलाइन झाली, पण त्या सकाळी चीनची नजर खाली, पहिल्या टप्प्यावर होती. तिथे वायएफ-१०० नावाचं एकच इंजिन होतं, जोर सुमारे १२० टन. अवकाशात जाणाऱ्या रॉकेटवर ते पहिल्यांदाच उडत होतं. इंधन केरोसिन, म्हणजे आपलं रॉकेलच, फक्त फार शुद्ध केलेलं. सोबत उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन.

हेच इंजिन २०१६ मध्ये ‘लाँग मार्च ७’ आणि ‘लाँग मार्च ५’ या थोरल्या रॉकेटांवर बसणार होतं. ‘५’ वर तर अशी आठ. मोठ्या रॉकेटवर पहिल्यांदाच प्रयोग करून सगळं गमावण्यापेक्षा छोट्यावर तपासलेलं बरं. माझ्या मते ‘६’ चं सगळ्यात मोठं काम तेच होतं.

(इस्रोही केरोसिनवर चालणारं मोठं इंजिन बनवत आहे. त्याच्या मुख्य भागांची चाचणी मार्च २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला झाली.)

मग आधी काय जाळत होते?

जून २०२४ मधला तो व्हिडिओ आठवतोय? लालसर-पिवळा धूर सोडत रॉकेटचा तुकडा डोंगरामागे कोसळतोय आणि गावातली माणसं, पोरं कान झाकून पळतायत. ते चीनमधलं ग्वीचौ, आणि रॉकेट होतं ‘लाँग मार्च २सी’. जुन्या लाँग मार्चमध्ये हायड्रॅझिनच्या कुळातलं इंधन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड असतं. तो रंग टेट्रॉक्साइडचा. दोन्ही विषारी. मूळ क्षेपणास्त्रांसाठी ही जोडी सोयीची, कारण टाकीत भरून ठेवता येते आणि एकमेकांना भिडताच पेटते. आपल्या पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातही याच जातीचं इंधन आहे, पण श्रीहरिकोट्याहून उडालेल्या रॉकेटचे टप्पे समुद्रात पडतात. चीनची जुनी केंद्रं शीतयुद्धाच्या काळात सुरक्षेसाठी मुद्दाम समुद्रापासून लांब बांधली गेली. त्यामुळे तुकडे जमिनीवर पडतात.

केरोसिन आलं तर विषाचा धोका बराच कमी होतो. तुकडा पडायचा थांबत नाही. तैयुआनभोवती समुद्र नाहीच.

‘६’ आणि ‘६ए’ मध्ये घोळ नको

‘लाँग मार्च ६ए’ नावाचं रॉकेट मार्च २०२२ पासून उडतंय. नाव सारखं असलं तरी ते बरंच मोठं आहे आणि त्याला बाजूने घन इंधनाचे बूस्टर आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये १८ उपग्रह सोडल्यावर त्याचा वरचा टप्पा अवकाशात फुटला. अमेरिकेच्या स्पेस कमांडने तेव्हा ३०० हून जास्त तुकडे मोजले. नोव्हेंबर २०२२ मध्येही असंच झालं होतं. तो कचरा सुमारे ८०० किमी उंचीवर आहे. तिथे हवा इतकी विरळ की तुकडे खाली यायला अनेक दशकं लागू शकतात. फॉरवर्ड होणाऱ्या पोस्टमध्ये हा कचरा ‘लाँग मार्च ६’ च्या नावावर टाकलेला दिसला, तर तो ‘ए’ शोधा.